शेलूबाजार : काचेची तार माजघरापर्यंत

शेलूबाजारला मुद्दाम म्हणून कोणी जात नाही, मैत्रिणींनो; शेलूबाजारवरून जातात. अकोल्याहून मंगरूळपीरची एस.टी. धरलीत, की बार्शीटाकळी मागे पडते, महानला काटेपूर्णेचे धरण लागते (आम्हां अकोलेकरांच्या नळाला येईल तेव्हा येते ते पाणी इथलेच!), आणि मग शेतांमधून जात गाडी एका चौकात येऊन उभी राहते. तो शेलूबाजारचा चौक. एक रस्ता कारंजाला, एक मालेगावला, एक मंगरूळपीरला आणि एक आपण आलो तो. कंडक्टर "दोन मिनिटं" म्हणून उतरतो आणि चांगली दहा लावतो. तेवढ्यात चहा होतो, गरम भजी होतात आणि शेजारच्या सीटवरच्या बाईचे माहेर-सासर विचारून होते.

कारंजा म्हटले, की श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान डोळ्यांपुढे येते. मंगरूळपीर म्हटले, की दर्गा. शेलूबाजारला असे सांगायला काही नाही. नाव बाजाराचे आणि काम वाटेचे. आधी हे सगळे अकोला जिल्ह्यात होते. 1 जुलै 1998 ला वाशीम वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मंगरूळपीर तालुक्याबरोबर शेलूबाजारही तिकडे गेले. भोवताली काळी जमीन. पावसाळ्यात सोयाबीन आणि तूर, हिवाळ्यात हरभरा. भाद्रपदात गेलात, तर डोळे निवतील एवढे हिरवे दिसते, आणि वैशाखात गेलात, तर का आलो असे वाटते.

अलीकडे मात्र गावाला एक मोठा शेजारी आला आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग इथूनच जातो आणि त्यावर चढण्या-उतरण्याची एक जागा शेलूबाजारला आहे. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरांचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि 5 जून 2025 ला शेवटचा तुकडा जोडून सगळा 701 किलोमीटरांचा रस्ता पुरा झाला. ताशी 120 च्या वेगाने मोटारी जातात. नागपूरची बाई सकाळी निघून संध्याकाळी मुंबईला लेकीकडे पोचते. सातशे किलोमीटर असे झटक्यात जातात खरे. मला मात्र तुम्हांला सांगायचे आहे ते शेलूबाजारच्या चौकापासून माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या घरापर्यंतच्या सहाशे मीटरांबद्दल. ते पार करायला इंटरनेटच्या तारेला आषाढापासून भाद्रपद लागला, आणि त्या सहाशे मीटरांवर एक अख्खा संसार अडून बसला होता.

जाऊबाईंचे घर गावाच्या टोकाला, शेताला लागून. अर्धे जुने, पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंतींचे. अर्धे नवे, स्लॅबचे. पुतण्या शेतकीची पदवी घेऊन पुन्हा शेतीतच उतरलेला. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे किती कठीण झाले आहे, हे तुम्हीही आपल्या नात्यात पाहिले असेल. दहा ठिकाणी पत्रिका गेल्या, आणि "मुलगा चांगला आहे हो, पण..." असे म्हणत परत आल्या. शेवटी अमरावतीची एक मुलगी तयार झाली. ती पुण्यात एका विमा कंपनीच्या कामाला होती. आजारपणाचे दावे तपासायचे, कागद लावायचे असे काम. 2020 च्या टाळेबंदीपासून ते घरी बसूनच चालायचे. बैठकीत तिने मुलाला ना जमिनीचे विचारले, ना घराचे. एवढेच विचारले, "तुमच्याकडे इंटरनेट कसं आहे?" पुतण्या म्हणाला, "येईल." पुरुषमाणसाचे "येईल" म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहेच.

मोबाइल होता ना, म्हणाल. होता. सकाळी बरा चालायचा. दुपारी शाळा सुटली, की गावभर व्हिडिओ सुरू आणि हिच्या पडद्यावर चक्र फिरत राहायचे. मोबाइलचा मनोरा म्हणजे गावच्या सार्वजनिक नळासारखा आहे. बादल्या कमी असल्या, की धार मोठी. रांग लागली, की धार बारीक. शिवाय वादळवारा झाला आणि वीज गेली, की काही वेळाने मनोऱ्याचाही जीव जायचा. बिचारी सून गच्चीवर पत्र्याच्या सावलीत बसून काम करी. मग सोमवारी सकाळी अकोल्याला आमच्याकडे यायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी परत जायचे, असे सुरू झाले. मला तिची सोबत होती, तक्रार नाही. पण लग्नाला वर्ष झालेल्या मुलीने शनिवार-रविवारचाच संसार करावा, हे बघवत नसे. रात्री जेवताना फोनवर दोघांचे बोलणे चाले, सोयाबीनवर अळी पडली का आणि चहा कोणी केला. जेठात तिच्या कचेरीचे पत्र आले : दिवाळीपर्यंत घरी तारेचे पक्के कनेक्शन दाखवा, नाही तर पुण्याला हजर व्हा.

जाऊबाई मला फोनवर म्हणाल्या, "सून लाखात एक आहे बाई, पण तिचं हापिस पुण्यात आहे. आता तार नाई आली तं पोरगं तरी तिकडं जाईन, नाई तं सून तरी. मंग आमी दोघंच राहू इथं भिंतींशी बोलत."

आता ही तार म्हणजे काय, ते थोडे सांगते. कारण आपण "वायर" म्हणतो आणि डोळ्यांपुढे विजेची तांब्याची वायर येते. ही वायर काचेची. आतला काचेचा धागा मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढा, आणि प्रकाश धावतो तो त्याचा गाभा तर आपल्या केसाहूनही कितीतरी बारीक. एका टोकाला प्रकाश लुकलुकतो, दुसऱ्या टोकाला तो वाचला जातो. काचेतून प्रकाश बाहेर सांडत नाही. आतल्या आत आपटत, वळत पुढे जातो. मोगा या पंजाबातल्या गावी जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवले. ते काम 1954 साली प्रसिद्ध झाले. पुढे 1966 साली चार्ल्स काव यांनी मांडले, की काच पुरेशी शुद्ध केली, तर प्रकाश मैलोगणती जाईल. काव यांना 2009 साली नोबेल मिळाले. कपानींना ते मिळाले नाही, याची आपल्याकडे अजून हळहळ आहे. भारत सरकारने 2021 साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

बरे, ही काच खेड्यात नेण्याची योजना काही आजची नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2011 मध्ये ती मंजूर केली, सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत तार न्यायची म्हणून. 2015 साली तिला भारतनेट हे नाव मिळाले. आपल्या राज्यात पुढच्या टप्प्याला महानेट म्हणतात. पण नीट ऐका हं, ग्रामपंचायतीपर्यंत! पंचायतीच्या खोलीत पेटी बसली, म्हणजे गावात आले. घरात आणणे ही पुढची गोष्ट. पाणी टाकीत आले म्हणून काही आपला हंडा भरत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारने या योजनेचा सुधारित आराखडा मंजूर केला, 1,39,579 कोटी रुपयांचा, आणि त्यात दीड कोटी ग्रामीण घरांत जोडणी देण्याचे ठरवले. पंचायतीपासून घरापर्यंतची तार ओढायला आणि सांभाळायला गावातलाच एखादा उद्योजक नेमायचा, अशी त्यात सोय आहे.

तर आषाढात पुतण्या चौकातल्या दुकानात गेला. (कंपनीचे नाव घेत नाही, कुठल्याही कंपनीचा अनुभव थोडाफार असाच.) दुकानातल्या मुलाने फोनवर नकाशा काढला आणि म्हणाला, "तुमचं घर शेवटच्या डबीपासून सहाशे मीटर. एका घरासाठी एवढे खांब कंपनी टाकत नाही. पाच घरं जमवा, टाकतो." पुतण्या तोंड पाडून घरी आला. पुरुषांनी विचार केला, की आमदारांकडे अर्ज द्यावा. जाऊबाईंनी विचार केला, की पाच घरे जमवावी.

आणि त्यांनी ती जमवली! श्रावणातल्या मंगळागौरी, शुक्रवारची हळदीकुंकवे, सगळीकडे हाच विषय. एका घरी मुलगा अकरावीला होता. एकीचा नवरा सैन्यात, त्याचा चेहरा नीट दिसावा एवढीच तिची इच्छा. एक शिंपीण, तिला ब्लाउजचे नवे गळे पाहायचे होते. "मैन्याचे चार-पाचशे रुपये जातात," असे कोणी म्हटले, की जाऊबाई हिशेब मांडत. घरात चार मोबाइल, प्रत्येकाचा वेगळा रिचार्ज. तारेवर आले, की त्यातले दोन-तीन लहान रिचार्जवर भागतात. हा हिशेब बायकांना लगेच पटला. नवऱ्यांना पटवायला त्यांना आठ दिवस लागले.

पाचवे घर मात्र अडले, आणि अडले ते नेमके शेजारी. चुलत दिरांचे घर. वाटणीत बांधावरून बिनसले, तेव्हापासून आठ वर्षे येणे-जाणे नाही. आणि गंमत अशी, की शेवटचा खांब त्यांच्या खळ्याच्या भिंतीलगतच उभा राहायचा होता. दुसरीकडे विजेची तार आडवी येत होती. माणसे खांब घेऊन आली, तसे चुलत दीर दारात येऊन उभे राहिले. "माह्या जागेत खांब नाई." झाले! माणसे खांब पाडून ठेवून निघून गेली. पंधरा दिवस तो खांब रस्त्याच्या कडेला पडला होता आणि त्यावर कोंबड्या बसत होत्या.

पुढचे मी डोळ्यांनी पाहिले, कारण महालक्ष्म्यांना आम्ही सगळे जावा-जावा तिथेच असतो. तुमच्याकडे गौरी म्हणतात, आम्हां वऱ्हाडातल्यांच्या महालक्ष्म्या. ज्येष्ठा-कनिष्ठा यायच्या दोन दिवस आधी जाऊबाईंनी ताटात कुंकवाचा करंडा घेतला आणि आठ वर्षांनी चुलत दिरांच्या दारात गेल्या. मीही मागे होते. आमंत्रण दिले. मग खांबाचे नाव न काढता त्यांच्या लेकीचे विचारले. मुलगी नर्सिंगच्या परीक्षेला बसलेली. तास मोबाइलवर ऐकायची, अर्धे ऐकू यायचे, अर्धे नाही. जाऊबाई म्हणाल्या, "पोरीले अभ्यासाले माह्या घरी पाठवा. सुनेच्या शेजारी टेबल लावते. तार आली का आपोआप दोघींचं होते." चुलत दीर बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "खांब लावा. पण माह्या जागेतून आहे, हे ध्यानात ठेवा म्हणा दादाले." आम्ही मान डोलावली. आत चुलत जाऊबाईंच्या डोळ्यांना पदर होता.

दुसऱ्या दिवशी खांब उभा राहिला. त्यावर एक पांढरी डबी बसली, आत आठ घरांची सोय. आणि तिथून काळी बारीक वायर आमच्या कौलांवरून आत आली.

इथे दुसरा तंटा. पेटी कुठे लावायची? दिरांचे म्हणणे, बैठकीत, टीव्हीच्या शेजारी, आल्यागेल्याला दिसली पाहिजे. वायरवाल्या मुलानेही ड्रिल मशीन तिथेच टेकवले होते. "सगळे इथंच लावतात काकू." जाऊबाई पुरणाचा हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "थांब रे बापू."

आपल्या घरांतून बाहेरचे जे जे आले, ते बैठकीत बसले. रेडिओ बैठकीत, टीव्ही बैठकीत. सी-डॉट ही संस्था 1984 साली निघाली, तिने खेड्यांसाठी लहान टेलिफोन एक्स्चेंज बनवली आणि पुढे गावोगाव फोन पोचले. तो फोनही बैठकीतच. जाऊबाईंची आई आजारी होती, तेव्हाचे त्या सांगतात. माहेरचा फोन आला, की ओसरीवर तीन पुरुष बसलेले, त्यांच्यापुढे "हो, बरं, ठेवते" एवढेच बोलता यायचे. रडायचे असेल, तर न्हाणीघरात जायचे. हे त्यांनी दिरांना तिथे बोलून दाखवले नाही. एवढेच म्हणाल्या, "काम सून करते, ते माजघरात बसून करते. डबा तिथं लागंन." सून खाली मान घालून उभी होती. दीर काही बोलले नाहीत. डबा माजघरात लागला.

आणि खरे सांगू, शास्त्रानेही तेच बरोबर होते. तार फक्त पेटीपर्यंत. पेटीपासून मोबाइलपर्यंतचे काम रेडिओच्या लहरी करतात, आणि त्यांना जाड भिंत आवडत नाही. मातीची दीड हाताची भिंत तर मुळीच नाही. त्यामुळे पेटी घराच्या मधोमध, खांद्याच्या वर, उघड्यावर हवी. कपाटात झाकून ठेवू नका, लोखंडी गोदरेजच्या मागे नको, फ्रीजच्या मागे नको. पाण्याच्या पिंपाजवळही नको. पाणी लहरी पिऊन टाकते. मायक्रोवेव्ह ओव्हन असेल, तर त्यापासून दूर. आणि देव्हाऱ्यावर नको, हे माझ्या जाऊबाईंचे. पेटीतून बहुधा दोन नावांच्या लहरी निघतात. एकीपुढे पाच असा आकडा असतो, ती वेगवान पण भिंतीपुढे हात टेकणारी. दुसरी जरा सावकाश, पण लांब जाणारी. पेटीच्या खोलीत बसलात, तर पहिली घ्या, परसात तूर निवडत बसलात, तर दुसरी. एवढे करूनही आमच्या नव्या खोलीत, म्हणजे दोन भिंतींपलीकडे, वेग एकदम खाली यायचा. तिथे पेटीपासून साधी लॅनची वायर ओढली आणि सुनेचे टेबल तिला जोडले. भिंतीशी भांडण्यापेक्षा हा उपाय स्वस्त.

वायर आत आणताना एक लक्षात ठेवा. आपल्या हातातल्या बांगडीपेक्षा लहान वळण तिला द्यायचे नाही. खिळ्याला गुंडाळायची नाही, दारात चेंगरू द्यायची नाही. काच आहे, मुरडली, की प्रकाश बाहेर सांडतो, आणि वरून काही दिसत नाही. तुटलेला तुकडा पडला, तर उघड्या पायाने तिथे फिरू नका. सुईपेक्षा बारीक काच पायात गेली, तर काढणे कठीण. चिकटपट्टीने टिपून घ्या, आणि वायरच्या टोकात डोळा लावून "उजेड दिसतो का" हे पोरांना मुळीच पाहू देऊ नका. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

पैशांचेही दोन शब्द. जाहिरातीत लिहिलेल्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा पडतो. 499 दिसले, तर 589 धरा. पेटी विकत की वापरायला, डिपॉझिट परत मिळते का, ते आधी विचारून कागदावर घ्या. "अमर्याद" म्हटले, तरी महिन्याला ठरावीक वापरानंतर वेग कमी होतो, तो किती होतो हेही विचारा. वेग सांगतात तो मेगाबिटांत, आणि आपण सिनेमा उतरवतो तो मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून 40 चे कनेक्शन घेतले, तर सेकंदाला 5 च्या वर काही उतरत नाही, आणि त्यात कोणी फसवलेले नसते. आणखी एक, जे दुकानदार आपण होऊन सांगत नाहीत : घरून काम करणाऱ्याला यायच्या वेगाइतकाच जायचा वेगही लागतो. आपला चेहरा आणि कागद तिकडे पोचायचे असतात ना! पेटीच्या पोटाशी लिहिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. शेजारधर्म वेगळा, पासवर्ड वेगळा.

वीज जाते त्याचे काय? पेटी 12 व्होल्टवर चालते, तिला फार वीज लागत नाही. हजार-दीड हजारांत एक छोटी बॅटरी मिळते, ती मध्ये जोडली, की तीन-चार तास निभावते. इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या लाइनवर घ्या. फक्त पलीकडच्या टोकालाही बॅटरी शाबूत हवी. चौकातल्या पेटीचा जीव गेला, तर आपली पेटी नुसतीच डोळे मिचकावते.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी, सोळा भाज्या आणि आंबील होईपर्यंत, सुनेने अर्धा दिवस काम केले. मोबाइलवरून पुण्याच्या मैत्रिणींना महालक्ष्म्यांचे मुखवटे दाखवले. चित्र एकदाही अडकले नाही. जाऊबाई दोनदा येऊन पेटीचे हिरवे दिवे पाहून गेल्या. अकोल्याला परतताना सुनेची बॅग आमच्या मोटारीत नव्हती. मला जरा चुकल्यासारखे झाले, खोटे कशाला बोलू.

पण गोष्ट तिथे संपली असती, तर मी लिहायला बसले नसते. संक्रांतीला मी पुन्हा गेले, तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता. पेटीवर लाल दिवा लुकलुकत होता. पाण्याची पाइपलाइन टाकायला पोकलेन आले होते आणि त्याच्या एका घासात चौकाजवळची जमिनीतली तार तुटली होती. तिसरा दिवस. दुकानातला मुलगा "आज येतील" म्हणत होता. सून पुन्हा गच्चीवर, पत्र्याखाली. कचेरीत एक बैठक चुकली, दुसरी अर्धवट झाली, वरिष्ठांचा सूर बदलला. रात्री पुतण्या आणि ती हळू आवाजात बोलत होती. "पुणे" एवढा शब्द मधून मधून ऐकू यायचा. दीर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. भाद्रपदात डबा बैठकीत हवा म्हणणारा हाच माणूस, दर तासाला माजघराच्या दारात येऊन विचारी, "लाल का हिरवा?"

खोदण्याआधी तारवाल्यांना कळावे म्हणून सरकारने मार्च 2023 मध्ये एक मोबाइल ॲपही काढले आहे. खोदणाऱ्याने त्यात जागा सांगायची, तारेच्या मालकाला निरोप जातो. सोय चांगली आहे, पण पोकलेनवाल्याच्या हाती ती पोचली पाहिजे! तुम्ही मात्र एक करा. तार तुटली, की फोनवर नुसते ओरडू नका; तक्रारीचा क्रमांक मागून घ्या, तारीख-वेळ घरच्या कॅलेंडरवर लिहा. जाऊबाईंच्या कॅलेंडरवर दुधाच्या रतिबाशेजारी तीन क्रमांक लिहिलेले होते. चौथ्या दिवशी त्यांनी पाचही घरच्या बायकांना घेऊन दुकान गाठले आणि तिन्ही क्रमांक एका दमात वाचून दाखवले. दुपारी दोघे जण मशीन घेऊन आले.

तांब्याची वायर पीळ देऊन जोडता येते, काचेची येत नाही. त्यांनी मातीतून तार वर काढली, साल सोलली, आतला धागा स्पिरिटने पुसला आणि हिऱ्याच्या पात्यासारख्या कातरीने टोक अगदी सरळ कापले. दोन्ही टोके त्या छोट्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवली. मशीनच्या पडद्यावर ती मोठी होऊन दिसत होती, दोन काठ्यांसारखी. मशीन आपले आपण त्यांना सरळ रेषेत आणते, मग क्षणभर विजेची ठिणगी, आणि दोन्ही काचा वितळून एक होतात. जाऊबाई गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाहत होत्या. सगळी हयात सुईत दोरा ओवण्यात गेलेली बाई, म्हणाल्या, "एवढ्याशा ठिणगीसाठी चार दिस?" तो मुलगा ओशाळून हसला. "काकू, मशीन तालुक्याला एकच आहे. ठिणगीले सेकंद लागते, मले यायले चार दिस."

घरी आलो, तर दिवा हिरवा. सून खाली उतरून टेबलाशी बसली होती, शेजारी चुलत दिरांची लेक वहीत काही उतरवत होती. त्या रात्री सुनेने कचेरीला लिहिले, की आता तारेच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचे मोबाइल कार्ड घालायची लहान पेटीही ठेवली आहे; तार तुटली, तरी निदान बोलणे बंद पडणार नाही. महिन्याला थोडा जास्त खर्च आहे. तो खर्च दिरांनी शेतीच्या हिशेबात घातला, सुनेच्या पगारातून घेतला नाही. फाल्गुनात कचेरीचे उत्तर आले. त्यांच्या कागदावर तिच्या कामाच्या जागेपुढे पुणे खोडून शेलूबाजार घातले होते.

तुम्ही त्या बाजूला गेलात, तर चौकातून टोकाच्या वस्तीकडे वळा. शेवटच्या खांबावर पांढरी डबी दिसेल. आठांतली तीन भोके अजून रिकामी आहेत. एक चुलत जाऊबाईंना स्वतःच्या घरी हवे आहे, एक अंगणवाडीसाठी राखून ठेवा म्हणून जाऊबाईंनी दुकानात सांगून ठेवले आहे, आणि तिसऱ्यासाठी दोघी जणी रोज त्यांच्याकडे येऊन बसतात.